मटणाला जादा पैसे कशाला, कोंबडीला बघून दे

पत्र असं आलंय:

"अक्का, आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो. घराजवळ नवीन सुपरमार्केट झालंय आणि आता त्यात मागच्या बाजूला चिकन-मटणाचा काचेचा काउंटर सुरू केलाय. वर पाटी आहे, 'लोकल, नॅचरली रेज्ड, अँटिबायोटिक-फ्री'. चिकनचा भाव नेहमीच्या दुकानाच्या जवळजवळ दुप्पट, मटण किलोमागं दोनशेनं जास्त. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात आणि त्यानं मुली लवकर वयात येतात असं व्हॉट्सॲपवर सारखं येतंय म्हणून मला भीती वाटायला लागलीय. सासूबाई म्हणतात इतकी वर्षं एकाच माणसाकडनं मटण आणतोय, आता काचेतलं कशाला. मिस्टर म्हणतात सगळं मार्केटिंग आहे. एकदा घेऊन बघू काय? आणि घेतलं तर काय बघून घेऊ? — टिळकवाडीतली सून"

अगं, बघ की घेऊन, त्यात एवढं काय. पण सगळं नको. आधी निकाल सांगून टाकते, मग कारणं वाचायची तर वाच. चिकन त्या काउंटरवर चार प्रश्न विचारून घे, मटण मात्र तुमच्या नेहमीच्या माणसाकडनंच आण. म्हणजे सासूबाई निम्म्या बरोबर, तू निम्मी बरोबर, आणि मिस्टर म्हणतात तसं मार्केटिंग तर आहेच, पण मार्केटिंग आहे म्हणून आतला माल खोटाच असतोय असं काही नाही.

मटणाचं आधी उरकूया, ते सोपं आहे. आपल्या भागात बकरी कशी वाढतात हे तू कधीतरी बघितलेलंच असणार. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीकडचे धनगर दख्खनी मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर असतात, ती काळी मेंढरं, ज्यांच्या लोकरीची घोंगडी होतात ती. सुगी झाली की शेतकरी स्वतः बोलवून रानात बकरी बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतंय म्हणून धनगराला रात्रीच्या हिशोबानं धान्य नाहीतर पैसे देतात, आणि मेंढरं दिवसभर रिकाम्या रानातला पाला, बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा असलं खात हिंडतात. खानापूर-चंदगडकडचा पाऊस त्यांना सोसत नाही, पायाला रोग लागतोय, म्हणून पावसाळ्यात कोरड्या माळाकडं. शेळ्यांचं तर त्याहून साधं, घरटी दोन-चार शेळ्या, घरातली म्हातारी सकाळी सोडती आणि दिवस मावळायला घेऊन येती. आता तूच सांग, नॅचरली रेज्ड करायला ह्यात आणि काय शिल्लक राहिलंय?

कोण म्हणेल हल्ली बंदिस्त शेळीपालन पण आलंय, उस्मानाबादी शेळ्या शेडात बांधून कडवळ, सुबाभूळ, मक्याचा भरडा घालून वाढवतात. खरं आहे. पण तेही वाईट नव्हे, उलट पीपीआरची म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस, आंत्रविषाराची लस, जंताचं औषध तिथं वेळच्या वेळी होतंय. ब्रॉयलरसारखी हजारो जनावरं एका छपराखाली कोंबून सहा आठवड्यांत कापायला तयार करायची, असली पद्धत बकऱ्यात आपल्याकडं आलेलीच नाही. त्यामुळं मटणाच्या पाटीवर जे लिहिलंय ते तुमच्या मटणवाल्याच्या दुकानात न लिहिता मिळतंय, आणि ते किलोमागचे दोनशे रुपये एसीचे, काचेचे आणि प्लास्टिकच्या ट्रेचे आहेत.

उलट एक तोटाच आहे. दुकानात बकरं टांगलेलं असतंय ना, ते तुला सगळं सांगतंय. शेपूट ठेवलेली असती, बोकडच आहे हे दिसावं म्हणून अंडंही काढलेलं नसतंय, कत्तलखान्याचा शिक्का असेल तर मांडीवर दिसतोय. फासळ्या बारीक आणि मांस गुलाबीकडं झुकणारं तांबडं असलं, चरबी पांढरी असली की कवळं. मांस काळपट, चरबी पिवळट आणि फासळ्या रुंद दिसायला लागल्या की जून, मग कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचं. मेंढीच्या पाठीवर चरबीचा जाड पांढरा थर असतोय, बोकडाच्या पाठीवर जवळजवळ नसतोच, म्हणजे बोकड सांगून मेंढी दिली तर नजरेनं कळतंय. (मेंढी वाईट नाही हं, रश्श्याला तिची चरबी झकास, फक्त बोकडाच्या भावात नको.) तेच मटण तुकडे करून ट्रेमध्ये प्लास्टिकखाली ठेवलं की ह्यातलं एक पण दिसत नाही. पुढच्या फऱ्याचं दे, नळी घाल, थोडं काळीज टाक, चरबी एवढी नको, असं सांगायची सोय पण गेली. फक्त रविवारी सकाळी जाऊ नको, अख्खं बेळगाव स्टीलचा डबा घेऊन तिथंच उभं असतंय आणि त्या गर्दीत मटणवाला पण हाताला येईल ते तोडतोय. बुधवारी जा, निवांत देईल.

आता चिकन. इथं तुझी शंका रास्त आहे, पण जी भीती तुला वाटते तिच्यात नाही, दुसरीकडंच आहे.

हार्मोनचं पहिल्यांदा डोक्यातनं काढ. ब्रॉयलरला वाढीचं हार्मोन देत नाहीत. देऊन परवडत पण नाही, ते खाद्यातनं दिलं तर पोटातच पचून जातंय, म्हणजे एकेका पिल्लाला धरून परत परत सुई मारायला लागेल, दहा हजार पक्ष्यांच्या शेडात हे कोण करणार आणि वर एवढ्या स्वस्तात कोंबडी कशी विकणार? ब्रॉयलर पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोचा होतोय तो निवडून निवडून तशी जात तयार केल्यामुळं आणि दिवसरात्र समोर मका-सोयाबीन पेंडीचं खाद्य असल्यामुळं. पोरी लवकर वयात येण्याचं म्हणशील तर डॉक्टर लोक त्यात वाढत्या वजनाकडं जास्त बोट दाखवतात. आठ वर्षांच्या आत बदल दिसायला लागले तर बालरोगतज्ज्ञाकडं न्यायचं, हा साधा नियम. तुझी नऊची आहे, आता बदल दिसायला लागले तरी ते बहुतेक वयाप्रमाणंच म्हणायचं, आणि मनात शंका असेल तर डॉक्टरला दाखव, चिकनवाल्याला विचारू नको. ते फॉरवर्ड पण पुढं पाठवू नको बाई.

खरी भानगड अँटिबायोटिकची. दाटीवाटीनं वाढवलेल्या कोंबड्यांत एकाला झालं की सगळ्यांना होतंय, म्हणून रोग यायच्या आधीच औषध खाद्यातनं-पाण्यातनं देत राहायची सवय लागली, काही ठिकाणी तर नुसतं वजन वाढावं म्हणून. कोलिस्टिन नावाचं औषध, जे माणसाला बाकी काही लागू पडेनासं झालं की दवाखान्यात शेवटचं म्हणून देतात, ते कोंबडीला घालत होते, केंद्र सरकारनं २०१९ साली त्याच्यावर बंदी घातली. सारखं औषध दिलं की औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते कच्च्या चिकनबरोबर आपल्या ओट्यावर, सुरीवर, कोशिंबिरीच्या काकडीवर येतात. शिजवल्यावर जंतू मरतात, ७४ डिग्रीपर्यंत आतलं मांस तापलं की संपलं, आणि आपण तर रस्सा उकळून उकळून खाणारी माणसं. प्रश्न शिजवायच्या आधीचा आहे. म्हणून चिकन नळाखाली धूऽऽ धुवायची सवय असेल तर बंद कर, शिंतोडे सगळीकडं उडतात. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं एकदा धू, पाणी हळू ओत, सुरी-पाट लगेच साबणानं घास. हे फुकटचं काम आहे आणि कुठलंही चिकन आणलंस तरी करायचंच आहे.

तर 'अँटिबायोटिक-फ्री' ह्या पाटीला किंमत आहे, खरी असेल तर. विचारायचं एवढंच की जन्मापासनं दिलंच नाही, का कापायच्या आधी काही दिवस थांबवलं? कारण औषध थांबवून ठरावीक दिवस गेल्याशिवाय कापायचं नाही हा नियम सगळ्यांनाच आहे, तो पाळला म्हणजे काही वेगळं केलं असं होत नाही. काउंटरवरच्या पोराला हे माहीत नसेल, त्याचा काही दोष नाही, पण मॅनेजरला विचार, कंपनीचा टेस्ट रिपोर्ट असतोय काय म्हणून. ज्याच्याकडं असतोय तो आनंदानं दाखवतोय.

'लोकल' ह्या शब्दावर मात्र एक रुपया जादा देऊ नको. आपल्या तालुक्यातल्या गावागावात ब्रॉयलरची शेडं आहेत, कंपनी पिल्लं देती, खाद्य देती, औषध देती, शेतकऱ्याचं शेड आणि राबणूक, आणि माल उचलताना त्याला किलोवर पैसे. म्हणजे चौकातल्या दुकानातला ब्रॉयलर पण लोकलच, खाल्लेला मका पण कदाचित आपल्याच जिल्ह्याचा. 'नॅचरल', 'फ्रेश' हे शब्द जाहिरातीत कसे वापरायचे ह्याचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत, पण ते जास्त करून पदार्थावर प्रक्रिया काय झाली त्याबद्दल, कोंबडी उन्हात हिंडली का नाही हे त्यातनं कळत नाही. 'ऑरगॅनिक' म्हणून विकत असतील तर मात्र पाकिटावर जैविक भारतचं चिन्ह पाहिजे, ते नसेल तर नुसता छापलेला शब्द. तसं पण आपल्याकडं पाटी कन्नडमध्ये, लेबल इंग्लिशमध्ये आणि बोलणं मराठीत, त्यामुळं भाव तेवढा सगळ्यांना कळतोय आणि बाकी कुणी वाचत नाही. तू वाच.

मग जादा पैसे कशाचे द्यायचे? जातीचे आणि वयाचे. हे दोन कळले की पाटीवरचं बाकी सगळं सोडून दे.

त्या काउंटरवर 'चिकन' म्हणून तीन-चार वेगळ्याच गोष्टी असू शकतात. एक म्हणजे साधा ब्रॉयलरच, फक्त कमी दाटीत आणि बिनऔषधाचा वाढवलेला, तो दीडपट भावाला ठीक आहे, दुपटीला नाही. दुसरी म्हणजे सुधारित रंगीत कोंबडी, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं १९८९ साली आणलेली गिरिराज, नंतरची स्वर्णधारा, कावेरी, हैदराबादची वनराजा, असल्या जाती. ह्या दिसायला गावठीसारख्या, परसात हिंडून खातात, वाढायला दोन-तीन महिन्यांच्या वर घेतात, मांसाला चव चांगली. सुपरमार्केटात 'कंट्री चिकन' म्हणून मिळतंय ते बहुतेक ह्यातलंच असतंय आणि त्यात फसवणूक काही नाही, जर त्यांनी सरळ सांगितलं तर. तिसरी आपली खरी जवारी, म्हणजे गावठी कोंबडी. ती सव्वा किलोची व्हायला पाच-सहा महिने घेती, वर्षाला पन्नास-साठ अंडी घालती, मधेच खुडूक बसती, मुंगूस नेतंय, घार नेती, त्यामुळं ती सुपरमार्केटला रोज शंभर नगांच्या हिशोबानं पुरवणारा माणूस कुणी भेटला तर मला पण त्याचं गाव सांग. चौथी आहे ती फसवायची कोंबडी: लेअर फार्मवरची, अंडी देऊन दमलेली, सव्वा-दीड वर्षाची. तिचं मांस चिवट असतंय आणि तो चिवटपणाच गावठीचा पुरावा म्हणून गळ्यात मारतात. स्वस्तात मिळाली तर सूपला चांगली, पण जवारीच्या भावात घेऊ नको. आणि कडकनाथ दिसला, तो काळ्या मांसाचा, मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला, तर पहिल्याच फेरीत त्याच्या नादाला लागू नको. नुसत्या नावाला पैसे मोजायचे आणि पोरगी रंग बघूनच ताट सरकवायची.

ओळखायचं कसं? अख्खी कोंबडी दाखवायला सांग, तुकडे नको. ब्रॉयलरची छाती रुंद आणि मऊ, पाय जाड, फिकट, हाड इतकं मऊ की सुरीनं सुद्धा तुटतंय. हिंडलेल्या कोंबडीचं छातीचं हाड धारेसारखं वर आलेलं, मांस तिथं थोडं, मांडीचं मांस गडद, तंगड्या बारीक आणि खवल्याखवल्यांच्या. वय बघायचं तर छातीच्या हाडाचं मागचं टोक अंगठ्यानं दाब, वाकलं तर कवळी, लाकडासारखं घट्ट लागलं तर जून. कोंबडा असेल आणि तंगडी सोबत ठेवली असेल तर पायामागचा काटा बघ, बोंडासारखा नुसता वर आलेला असेल तर ठीक, लांब होऊन टोकदार वळलेला असेल तर तो कोंबडा यात्रेला मोठ्या पातेल्यात घालायचा, चार माणसांच्या कुकरात नव्हे.

पाकिटाचं तर दोन मिनिटांचं काम. चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. चिल्ड असेल तर ० ते ४ डिग्रीत ठेवलेलं पाहिजे, फ्रोझन असेल तर उणे १८. हातात घेऊन उलटं कर: तळाशी गुलाबी पाणी गोठून बर्फाची चकती झाली असेल तर ते मधे एकदा वितळून परत गोठवलंय, आपल्याकडं लाईट जातीच, जनरेटर सगळ्यांकडं असतोय असं नाही, तसलं पाकीट परत ठेवायचं. वास तर पाकिटातनं येत नाही, म्हणून घरी येऊन फोडल्यावर आंबूस वास आला किंवा बोटाला चिकट लागलं तर लाजू नको, बिल घेऊन परत जा.

भावाची तुलना पण सरळ करायची. दुकानात बऱ्याचदा जिवंत वजनाचा भाव असतोय आणि साफ केल्यावर किलोमागं हातात पावणेसातशे-सातशे ग्रॅम येतंय, जवारीत त्याहूनही कमी. काउंटरवरचा भाव साफ केलेल्याचा. कटिंगचा भाव कटिंगशी लावून बघ, मग 'दुप्पट' म्हणतेस ते कदाचित दीडपट निघेल. आणि दोन किलोच्या ब्रॉयलरला साडेतीन किलोच्या आसपास खाद्य लागतंय नि सहा आठवडे. त्याच वजनाला दुप्पट-चौपट दिवस घेणारी कोंबडी त्याच भावात कुणी दिली तर तिथं मला जास्त संशय येईल.

आता शिजवायचं, कारण पहिल्यांदा आणून निम्मे लोक इथंच चुकतात आणि मग म्हणतात पैसे वाया गेले. हिंडलेली कोंबडी ब्रॉयलरसारखी दोन शिट्ट्यांत होत नाही. आणि चिकन टिक्का, चिली चिकन, तंदुरी ह्यासाठी ती नाहीच, त्याला ब्रॉयलर बरा, खोटं कशाला बोलू. शक्य असेल तर कातडीसकट माग. आमच्या खानापूरकडं जवारी कोंबडीची पिसं काढली की जाळावर भाजतात, बारीक लव जळून कातडी जरा आकसती, पिवळी-तपकिरी होती, मग वरनं हळद चोळून पाण्यानं घासून काढतात आणि मगच तुकडे. चवीतलं निम्मं काम त्या भाजण्यात झालेलं असतंय. सुपरमार्केटात कातडी सोलून पांढरं फटक करून ठेवतात, तसलं जवारीच्या भावात घेणं मला पटत नाही. सांगून ठेवलंस तर काही ठिकाणी कातडीचं आणून देतात.

घरी आणलंस की हळद, मीठ, आलं-लसूण लावून झाकून फ्रीजमध्ये ठेव तासभर, जमलं तर रात्रभर, ताजं कापलेलं मांस लगेच शिजवलं की आखडतंय. मग कुकरात थोड्या तेलावर कांदा, त्यात कोंबडी परतून, भरपूर गरम पाणी, पाच-सहा शिट्ट्या, जून असेल तर नंतर बारीक गॅसवर आणि पंधरा मिनिटं. मसाला अजून काही नाही. वर येतंय ते अळणी पाणी पोरीला आधी वाटीत काढून दे, मिरपूड टाकून, नऊ वर्षांच्या पोरीला रश्श्यापेक्षा तेच जास्त आवडतंय आणि तिला चिकन 'चांगलं' मिळावं ही तुझी सगळी धडपड त्या वाटीतच पुरी होती. राहिलेल्यातनं खोबरं-तीळ-खसखस लावून पांढरा, आणि कांदा-खोबरं भाजून वाटून, घरची चटणी घालून तांबडा. चटणीत संकेश्वरी मिरची असेल तर बेतानं घाल, ब्याडगीच्या हातानं टाकलीस तर सगळे पाणी पीत बसतील. जोंधळ्याची भाकरी कर, चपाती नको, जवारीचा रस्सा चपातीला धरत नाही.

आणि खर्चाचं म्हणशील तर असं कर, आठवड्याला दोनदा एक-एक किलो ब्रॉयलर येत असेल तर एकदाच ही आण, पाऊण किलो. हाडाला चव असल्यामुळं रस्सा लांबतोय, तुकडे कमी आले तरी पोट भरतंय, महिन्याचा हिशोब फार हलत नाही. एरवी मधल्या वारी अंडी. अंड्यात मात्र रंगाला भुलू नको. तपकिरी अंडं म्हणजे जवारी नव्हे, तपकिरी अंडी घालणाऱ्या फार्मच्या जाती पण असतात, आणि काही महाभाग पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून रंगवून विकतात. ओलं फडकं घासून बघ, सगळं बाहेर येतंय.

काउंटर पटला नाही तर आणि एक वाट आहे. आठवडी बाजाराला खेड्यातल्या बायका पायाला दोरी बांधून दोन-तीन कोंबड्या घेऊन बसलेल्या असतात, स्त्री शक्ती संघातल्या, म्हणजे बचत गटातल्या बायका पण विकतात, तुमच्या कामवाल्या मावशींचं गाव हिंडलगा-उचगावकडं असेल तर त्यांना विचार, घरच्या डालग्याखालची एखादी देतील. तिथं लेबल नाही, बिल नाही, पण कोंबडी डोळ्यासमोर चालती, तुरा लालभडक आहे का, डोळे चमकतात का, नाकातनं पाणी येतंय का, शेपटीखाली घाण चिकटलीय का, सगळं बघून घेता येतंय. झोपाळल्यासारखी मान टाकून बसलेली असेल तर कितीही स्वस्तात दिली तरी घ्यायची नाही.

मिस्टरांना काही समजावत बसू नको, न सांगता रविवारी वाढ, काय म्हणतात बघ. सासूबाईंचं मात्र वेगळं. त्यांना मटणवाला सोडायचा नाहीये आणि तू सोडू पण नको म्हणते मी, मग भांडण राहिलंच कुठं? उलट त्यांनाच त्या काउंटरवर घेऊन जा. ह्या बायकांनी आयुष्यभर कोंबड्या दाबून, उलट्या करून, पाय बघून घेतल्यात, तुझ्या-माझ्यापेक्षा त्यांची नजर पक्की. त्या पोराला विचारू देत, कुठल्या गावची, किती महिन्यांची, काय खाल्लेली, कधी कापली. सरळ उत्तरं आली तर पाऊण किलो घ्या आणि शिजवायला त्यांच्याच हातात द्या. पोरगं नुसतं पाटीकडंच बोट दाखवायला लागलं तर खोबरं, खसखस तेवढं घ्या आणि जाता जाता तुमच्या नेहमीच्या दुकानात अर्धा किलो फऱ्याचं सांगून ठेवा.